बिलाच्या सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी : बरोबर उत्तर आधी आपल्या वहीत हवे

२२ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर त्यापूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता. त्या दिवसापासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के झाला. पादत्राणांसाठीही जोडामागे २,५०० रुपये हीच मर्यादा ठरली. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या दुकानांत संगणकावर बिल निघते, त्या प्रत्येक दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये या बदलासाठी दुरुस्ती करावी लागली. अशा वेळी सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो, तो दुरुस्ती पाठवतो आणि बिले निघू लागतात. पण ती बरोबर निघतात की नाही, हे कोण तपासतो? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. पहिले बिल नीट निघाले की काम झाले, असे समजले जाते.

एका रुपयाचा फरक किती महाग पडतो ते पाहा. २,५०० रुपयांच्या कुर्त्यावर ५ टक्क्यांनी १२५ रुपये कर लागतो व बिल २,६२५ रुपयांचे होते. २,५०१ रुपयांच्या कुर्त्यावर १८ टक्क्यांनी ४५० रुपये १८ पैसे कर लागतो व बिल २,९५१ रुपये १८ पैशांचे होते. किमतीत एक रुपया वाढला आणि बिलात ३२६ रुपये १८ पैसे वाढले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'पर्यंत' ऐवजी 'पेक्षा कमी' असे लिहिले, तर नेमक्या २,५०० रुपयांच्या प्रत्येक नगावर गिऱ्हाइकाकडून ३२५ रुपये जादा घेतले जातील. चूक एका शब्दाची, पण ती रोज, प्रत्येक बिलात, न थकता होत राहील.

म्हणून या अंकात आम्ही सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीविषयी माहिती देत आहोत. हा विषय केवळ मोठ्या कंपन्यांतील इंजिनिअरांचा आहे असे मानले जाते. आमच्या मते तो तितकाच दुकानदाराचा व कारागिराचा आहे, कारण बरोबर उत्तर कोणते, हे त्यालाच ठाऊक असते.

भुर्दंड कोणाला बसतो?

संगणकाचा हिशेब चुकला तर जबाबदारी सॉफ्टवेअरवाल्याची, अशी अनेकांची समजूत असते. कर खात्यापुढे मात्र बिल आपल्या नावाचे असते. कर कमी घेतला असेल तर फरक व त्यावरील व्याज आपल्याला भरावे लागते. जादा घेतला असेल तर तो सरकारजमा करावा लागतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो वेगळाच.

हिशेबाच्या प्रोग्रामवर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचे मोठे उदाहरण इंग्लंडच्या टपाल खात्याचे आहे. तेथे अनेक टपाल कचेऱ्या लहान दुकानदार आपल्या दुकानातच चालवतात. १९९९ पासून त्यांना 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली देण्यात आली. तिच्या हिशेबात रोकड कमी दिसू लागली की दुकानदाराला ती खिशातून भरावी लागे. शेकडो जणांवर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. ९०० पेक्षा अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या प्रणालीत दोष होते असा निर्णय दिला आणि २०२४ साली खास कायदा करून अशा शिक्षा रद्द करण्यात आल्या.

त्यातील एक दोष आपल्यासाठी बोधप्रद आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांची रोकड जमा करताना पडदा पुढे सरकेना, म्हणून एन्टर पुन्हा पुन्हा दाबले गेले. संगणकाने तीच रक्कम चार वेळा जमा धरली आणि २४,००० पौंडांची तूट दाखवली. गल्ल्यावर घाईत एन्टर दोनदा दाबणे ही आपल्याकडेही रोजची गोष्ट आहे. 'एन्टर चार वेळा दाबले तरी नोंद एकच झाली पाहिजे' ही तपासणी आधी झाली असती, तर हा दोष दुकानदाराच्या हिशेबात शिरण्यापूर्वीच सापडला असता.

चाचणी म्हणजे काय?

दुकानातील तराजू वैधमापन खात्याकडून ठरलेल्या मुदतीने तपासून घ्यावा लागतो. निरीक्षक काय करतो? ज्याचे वजन आधीच नक्की माहीत आहे असे प्रमाणित वजन तो तराजूवर ठेवतो व काटा तेवढेच दाखवतो का ते पाहतो. सॉफ्टवेअरची चाचणीही अशीच असते. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच नक्की माहीत आहे असे बिल प्रोग्रामला द्यायचे आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी जुळते का ते पाहायचे.

फरक एवढाच की तराजू आपोआप बदलत नाही, सॉफ्टवेअर मात्र सतत बदलत असते. दर बदलला, नवा प्रिंटर आला, यूपीआयची सोय जोडली, की प्रोग्रामला हात लागतो. एका जागी केलेली दुरुस्ती दुसऱ्या जागी बिघाड करते, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. यास्तव प्रत्येक बदलानंतर जुनी सर्व बिले पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. याला 'रिग्रेशन टेस्ट' म्हणतात. माणूस हे काम दोनदा करील, तिसऱ्यांदा कंटाळेल आणि चौथ्यांदा न पाहताच 'ठीक आहे' म्हणेल. म्हणून ते यंत्रावर सोपवायचे. एक छोटा प्रोग्राम ही सर्व बिले मूळ प्रोग्रामला देतो, उत्तरे पैशापर्यंत ताडून पाहतो आणि जे जुळले नाही तेवढेच दाखवतो. हीच स्वयंचलित चाचणी होय.

पहिले काम : तक्ता

चाचणीची सुरुवात संगणकापासून होत नाही, वहीपासून होते. एका बाजूस बिलाचा तपशील व दुसऱ्या बाजूस बरोबर उत्तर, असा तक्ता करावा. कापडाच्या दुकानासाठी नमुना देत आहोत. दुकान नियमित जीएसटी नोंदणीचे आहे असे धरले आहे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, त्याच्या तक्त्यात पहिली ओळच 'कर शून्य' ही असेल.

१) सीमेवरची किंमत : २,५०० रुपयांचा एक नग. सीजीएसटी ६२.५०, एसजीएसटी ६२.५०, एकूण २,६२५.

२) सीमेपलीकडची किंमत : २,५०१ रुपयांचा एक नग. दोन्ही कर प्रत्येकी २२५.०९, एकूण २,९५१.१८. बिल पूर्ण रुपयात काढत असाल तर २,९५१, व १८ पैसे वेगळे दाखवलेले.

३) अनेक नग : १,२०० रुपयांचे तीन शर्ट. मर्यादा नगामागे आहे, ओळीच्या बेरजेवर नाही. म्हणून ३,६०० वर ५ टक्के, १८० रुपये, एकूण ३,७८०. प्रोग्राम बेरीज पाहून दर लावत असेल तर ४,२४८ दाखवील.

४) सूट : २,८०० रुपयांच्या कुर्त्यावर बिलातच १५ टक्के सूट. विक्रीची किंमत २,३८०, कर ११९, एकूण २,४९९. प्रोग्रामने लेबलवरील किंमत पाहून दर ठरवला तर १८ टक्क्यांनी २,८०८.४० होतील.

५) परत आलेला माल : २० सप्टेंबर २०२५ रोजी विकलेला १,५०० रुपयांचा शर्ट २५ सप्टेंबरला परत आला. विक्रीच्या वेळी १२ टक्क्यांनी १,६८० रुपये घेतले होते. परतीची नोंद मूळ बिलाच्या दरानेच व्हावी, म्हणजे १,६८०. नव्या दराने काढलेले १,५७५ हे उत्तर चूक होय.

६) परराज्य : तोच २,५०१ रुपयांचा नग सुरतच्या व्यापाऱ्याला. सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी ४५०.१८.

७) कारागिराकडे गेलेला माल : १०० मीटर कापड शिलाईसाठी डिलिव्हरी चलनावर पाठवले. विक्री नाही, कर शून्य. प्रत्येकी अडीच मीटरचे ३० कुर्ते परत आले, तर कारागिराकडे २५ मीटर शिल्लक दिसले पाहिजे.

८) दोनदा दाबलेले एन्टर : बिल एकच, क्रमांक एकच, साठ्यातून माल एकदाच कमी.

साकीनाका किंवा असल्फा भागात जॉबवर्क घेणाऱ्या कारागिराच्या तक्त्यात मजुरीची बिले व चलने अधिक असतील, चप्पल-बूट विकणाऱ्याच्या तक्त्यात जोड असतील. वीस-पंचवीस ओळींत बहुतेक दुकानांचा कारभार मावतो. ओळी निवडताना साधी बिले थोडी व अडचणीची जास्त घ्यावीत. सीमेवरच्या किमती, सूट, परती, रद्द झालेली बिले आणि शून्य रक्कम, चुका येथेच लपलेल्या असतात.

हा तक्ता एकदा आपल्या सीए किंवा कर सल्लागाराकडून तपासून घ्यावा. येथे एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. बरोबर उत्तर कधीही त्या सॉफ्टवेअरमधूनच काढून तक्त्यात भरू नये. तसे केले तर तराजू त्याच तराजूने तपासल्यासारखे होईल. चूक असेल तरी ती जुळेल आणि आपली फसगत होईल.

तपासणीचे तीन थर

जाणकार लोक चाचण्यांचे तीन थर करतात. पहिला थर केवळ हिशेबाचा. दर कोणता, कर किती, बेरीज किती, एवढेच विचारायचे. यात पडदा, बटणे, प्रिंटर काही नाही. याला 'युनिट टेस्ट' म्हणतात. अशा शेकडो तपासण्या काही सेकंदांत होतात, म्हणून सर्वांत जास्त संख्या यांची ठेवावी.

दुसरा थर साखळीचा. बिल झाले की साठा कमी झाला का, उधारी गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढली का, रोजमेळात रक्कम आली का, आणि बिल रद्द केले की हे सर्व उलटले का. या चाचण्या थोड्या सावकाश होतात, पण हिशेबातील मोठे घोळ येथेच सापडतात.

तिसरा थर पडद्याचा. यंत्र स्वतः माणसासारखे बटणे दाबते, आकडे भरते, बिल सेव्ह करते. यासाठी २००४ साली सुरू झालेले 'सेलेनियम' व मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेले 'प्लेराइट' ही साधने फुकट उपलब्ध आहेत. ती ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी उपयोगी पडतात. मात्र बटणाची जागा किंवा नाव बदलले तरी अशी चाचणी अडखळू शकते. म्हणून या थरात पाच-दहा महत्त्वाच्या कामांपुरत्याच चाचण्या ठेवाव्यात. पडद्यावरच्या चाचण्यांचा डोलारा उभारून हिशेबाचा पाया रिकामा ठेवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

विद्याविहारचे उदाहरण

हे सर्व प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. घाटकोपरशेजारच्या विद्याविहार येथे 'फ्रॅपे' ही कंपनी आहे. २००८ साली रुशभ मेहता यांनी ती सुरू केली. घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी नीट हिशेबाचे सॉफ्टवेअर हवे, या गरजेतून त्यांचे काम सुरू झाले. या कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' नावाचे सॉफ्टवेअर बिले, साठा, उत्पादन व खतावणी सांभाळते. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामच्या सर्व ओळी, कोणालाही इंटरनेटवर वाचता येतात.

त्यात विक्रीच्या बिलाचा प्रोग्राम जेथे आहे, तेथेच त्याच्या चाचण्यांची फाइल आहे. तिच्यात आपल्या तक्त्यासारखाच प्रकार दिसतो. अमुक वस्तू, अमुक कर असे बिल तयार करा, एकूण रक्कम एवढीच आली पाहिजे, खतावणीत अमुक खात्यावर एवढी नोंद झाली पाहिजे, बिल रद्द केल्यावर ती नोंद उलटली पाहिजे. जगातील कोणत्याही प्रोग्रामरने दुरुस्ती सुचवली की या चाचण्या आपोआप सुरू होतात आणि दुरुस्तीसमोर हिरवी किंवा लाल खूण उमटते. लाल खूण दिसली की कोठे बिघडले ते आधी पाहावे लागते.

यातून घेण्याजोगी एक सवय अशी, की चूक सापडली की ती केवळ सुधारायची नाही, तिच्यासाठी एक नवी चाचणी लिहायची. म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर लगेच पकडली जाते. आपल्या तक्त्यातही असेच करावे. गिऱ्हाइकाने किंवा सीएने दाखवलेली प्रत्येक चूक ही तक्त्याची पुढची ओळ समजावी.

हिरवी खूण कधी फसवते?

सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष आहे, असे नव्हे. जे विचारले तेवढ्याचीच खात्री मिळते. परतीची ओळ तक्त्यात नसेल तर परतीची चूक सापडणार नाही. काही वेळा चाचणीच बिघडलेली असते व ती सदैव हिरवीच राहते. यावर उपाय सोपा आहे. अधूनमधून मुद्दाम दर चुकीचा टाकून पाहावा. ५ ऐवजी ६ टक्के टाकूनही खूण हिरवीच आली, तर ती चाचणी निकामी समजावी.

काही चाचण्या कधी लाल, कधी हिरव्या होतात. बहुधा त्या आजच्या तारखेवर, इंटरनेटवर किंवा दुसऱ्या चाचणीने सोडलेल्या नोंदींवर अवलंबून असतात. अशा चाचण्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली की खऱ्या लाल खुणेकडेही दुर्लक्ष होते. म्हणून तारीख चाचणीतच ठरवून द्यावी आणि प्रत्येक चाचणीची सुरुवात कोऱ्या वहीने करावी.

शिवाय काही गोष्टी माणसानेच पाहायच्या असतात. बिलावरची मराठी किंवा उर्दू अक्षरे नीट उमटतात का, लांब नाव कापले जाते का, नव्या पोराला गल्ल्यावर गर्दीत पडदा कळतो का, हे यंत्र सांगू शकत नाही.

लहान दुकानदाराने काय करावे?

ज्यांच्याकडे तयार घेतलेले सॉफ्टवेअर आहे, त्यांना प्रोग्रामच्या आत शिरता येत नाही. तरीही सुरुवात करता येते. बहुतेक हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये दुसरी कंपनी उघडता येते. 'सराव' या नावाने एक कंपनी उघडावी आणि प्रत्येक अपडेटनंतर तक्त्यातील बिले त्यात करून पाहावीत. हे काम हाताचे असले तरी अर्ध्या-पाऊण तासात होते. चालू वर्षाच्या खऱ्या वहीत मात्र चाचणीची बिले कधीही करू नयेत. बिलांचे क्रमांक व विवरणपत्रे दोन्ही बिघडतात. अपडेटपूर्वी बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

जे व्यापारी आपल्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून घेतात, त्यांनी सौदा ठरवतानाच चार प्रश्न विचारावेत. आमचा तक्ता तुमच्या स्वयंचलित चाचणीत घालाल का? प्रत्येक दुरुस्तीबरोबर चाचणीचा निकाल द्याल का? निघालेली चूक पुन्हा येऊ नये म्हणून काय करता? आणि बिघाड झाला तर आदल्या दिवशीचे सॉफ्टवेअर किती वेळात परत लावता? हे चार मुद्दे कोटेशनमध्ये लिहून घ्यावेत. तक्ता आपणच तयार करून दिला तर त्याचा खर्चही आटोक्यात राहतो.

आपल्या तरुणांसाठी दोन शब्द. अंधेरीतील सीप्झ, मालाडचे माइंडस्पेस, गोरेगाव व पवई या भागांत सॉफ्टवेअरच्या कंपन्या आहेत आणि तेथे टेस्टरचे काम करणारे लोक लागतात. संगणकाची साधने काही महिन्यांत शिकता येतात. आता तर चाचणीच्या ओळी लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रामही आले आहेत. पण परतीचा माल कोणत्या दराने घ्यायचा, कारागिराकडील कापडाचा हिशेब कसा ठेवायचा, हे ज्याने वडिलांच्या दुकानात बसून पाहिले आहे, त्याला कोणती चाचणी हवी हे लवकर सुचते. धंद्याचे हे ज्ञान भांडवल आहे, ते कमी लेखू नये.

तात्पर्य असे की, तपासण्याचे कष्ट यंत्र घेईल, पण बरोबर काय ते आपणच सांगायचे आहे. दर पुन्हा बदलतील, सॉफ्टवेअरही बदलेल. आपला तक्ता तयार असेल तर तो बदल आपल्या गल्ल्यात शिरण्यापूर्वी तपासता येईल. व्यापारी बंधूंनी या आठवड्यात निदान आठ ओळी लिहून काढाव्यात, सीएला दाखवाव्यात आणि सरावाच्या कंपनीत करून पाहाव्यात. एक जरी ओळ जुळली नाही, तरी ती त्याच दिवशी लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी.